अण्णांचे लाडू

अण्णा आपटे कुठलीही गाडी घोषणेशिवाय सुटू देत नसत. मग ती सुपरमार्केटला निघालेली मोटार असो, नाहीतर मीराची तीनचाकी सायकल. तोंडापुढे दोन्ही हातांचा कर्णा करून, नाकात बोलल्यासारखा आवाज काढून ते म्हणत, "कऱ्हाडहून सुटणारी, ख्राइस्टचर्चमार्गे बाथरूमला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. प्रवाशांनी आपापले दात घेऊन चढावं." सहा वर्षांची मीरा टूथब्रश तलवारीसारखा उंच धरून धावत सुटायची. तिला दात घासायला लावणं आम्हा तिघांना कधी जमलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे व्याही, माझ्या जावयाचे, निखिलचे वडील. कऱ्हाडच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. मी पुण्याचा, बँकेतून निवृत्त झालेला. पत्नी गेल्यावर मुलीने, अश्विनीने, मला इकडे आणलं. ख्राइस्टचर्च तेव्हा भूकंपातून नव्याने उभं राहत होतं आणि निखिलसारख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अण्णाही विधुर. ते सहा महिन्यांसाठी आले होते, पण निखिलच्या मनात त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. माझ्या शेजारची खोली त्यांच्यासाठी रंगवून घेतली होती.

खरं सांगायचं तर ते आले तेव्हा मला आनंद झाला नाही. तोवर मीराचा एकुलता एक आजोबा मी होतो. मी तिला पाढे शिकवायचो, शुद्ध मराठीत गोष्टी वाचून दाखवायचो आणि ती मला इंग्रजीत विचारायची, "आर वी डन?" अण्णांनी काही शिकवलं नाही. त्यांनी सोफ्याच्या उशा ओळीने मांडल्या, तिच्या गळ्यात माझी जुनी चामड्याची पिशवी अडकवली आणि तिला कंडक्टर केलं. आठवड्याभरात पोरगी "पुढे सरका, पुढे सरका" असं कऱ्हाडी हेल काढून म्हणू लागली. मला तीन वर्षांत तिच्याकडून "नमस्कार" सोडून काही वदवून घेता आलं नव्हतं.

जेवताना अण्णा चित्राहुती घालत. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या बाजूला भाताच्या चार शितांच्या चिमुकल्या ढिगल्या मांडायच्या, मग पहिला घास. मी हे माझे वडील गेले तेव्हाच सोडून दिलं होतं. मीराने विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "पहिला घास आपला नसतो, बाळ. गाडीत आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं, मग आपण चढायचं." ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मीराला मात्र तो लगेच कळला. जेवण झालं की त्या ढिगल्या अण्णा मागच्या अंगणात चिमण्यांना ठेवत.

जानेवारीत, इकडच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, निखिल आम्हा सगळ्यांना आर्थर्स पासच्या डोंगरात कॅम्पिंगला घेऊन गेला. नदीकाठचं गवताळ मैदान, चार-पाच लाकडी टेबलं, एक पाण्याचा नळ. एका तंबूत ते तिघं, दुसऱ्यात आम्ही दोघे व्याही. पहिल्या संध्याकाळी सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांनी अण्णांचे पाय फोडून काढले. ते पायमोजे वर ओढत म्हणाले, "ह्यांना डास म्हणू नका, व्याहीबुवा. डास निदान कानाशी येऊन कळवतो तरी. ही डायरेक्ट वसुली."

दुसऱ्या दिवशी किआ आला. किआ म्हणजे तिथला डोंगरी पोपट. आपल्या पोपटाच्या दुप्पट, शेवाळी हिरवा, पंख उघडले की आतून केशरी आणि चोच आकड्यासारखी. उडण्यापेक्षा त्याला चालायला आवडतं, तेही तिरकं, उड्या मारत. तो थेट टेबलाजवळ आला, अण्णांच्या बुटाची नाडी सोडली, माझा वाळत टाकलेला मोजा चोचीत धरून पाहिला आणि नापसंत असल्यासारखा टाकून दिला. मग निखिलची एक जँडल, म्हणजे रबरी चप्पल, घेऊन तो नदीकडे निघाला. निखिल एका पायात चप्पल घालून त्याच्यामागे धावला. अश्विनी हसून हसून खाली बसली.

"विनातिकीट आहे," अण्णा म्हणाले, "पण रुबाब बघा, विभाग नियंत्रकाचा."

"ही इज चेकिंग एव्हरीवन्स पॉकेट्स," मीरा म्हणाली. "ही इज द कंडक्टर."

तेव्हापासून त्याचं नाव कंडक्टर पडलं. एका पायात पक्ष्यांची नोंद ठेवणाऱ्यांनी घातलेली रंगीत कडी होती, त्यामुळे इतर किआंमध्येही तो ओळखू येई.

मैदानाच्या तोंडाशीच पाटी होती, पक्ष्यांना खायला घालू नका. निखिलने तिच्यासमोर उभं राहून आम्हा दोघांना ती मोठ्याने वाचून दाखवली. खायला मिळतं म्हटलं की हे पक्षी गाड्यांभोवती, रस्त्यावर घोटाळतात आणि मरतात, असं त्याने समजावून सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरोबर आहे. फलाटावर भजी विकली की पोरं गाड्यांपुढे येतात." दुपारी खिचडी झाली. अण्णांनी सवयीने ताटाशेजारी, टेबलाच्या फळीवर ढिगल्या मांडल्या, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत कंडक्टरने एक उचलली. सगळे हसले. निखिल हसला नाही.

"अण्णा, आत्ताच सांगितलं ना."

"अरे, मी कुठं दिली? त्याने घेतली."

"टेबलावर ठेवली म्हणजे दिलीच. प्लीज. हा देश नियमांनी चालतो."

"चुकलं," अण्णा म्हणाले. त्यानंतर त्यांनी काय केलं, हे फक्त मला माहीत आहे, कारण तंबू आमचा एक होता. चित्राहुती त्यांनी सोडली नाही. पण ढिगल्या ते ताटाच्या आतच घालू लागले आणि जेवण झालं की झाकणाच्या एका स्टीलच्या डबीत भरून ठेवू लागले. डबी रात्री त्यांच्या उशाशी असे. "घरी गेल्यावर आपल्या चिमण्यांना," ते म्हणाले. "त्यांना परवानगी आहे ना? निखिलला विचारून घेतो." आंबलेल्या भाताचा वास तंबूत येत असे आणि मी त्याबद्दल कुरकुर केली होती. म्हणजे ती पाटी विसरलो असं मी म्हणू शकत नाही.

अण्णांनी कऱ्हाडहून बहिणीच्या हातचे शेंगदाण्याचे लाडू आणले होते. मला मधुमेह. अश्विनीने माझ्यामुळे घरातली साखर उंच फडताळात ठेवलेली, लाडू तर फारच दूर. अण्णांना माझी दया आली असावी. सकाळी दुसऱ्या तंबूतली मंडळी उठायच्या आधी ते डबा पुढे करत. "अर्धा घ्या, व्याहीबुवा. अर्ध्याने काही होत नाही. मुलीला सांगणार नाही, आईशपथ." पहिला अर्धा मी खाल्ला. नंतरचे खाल्ले नाहीत.

मीरा आदल्या दिवशी किआसमोर तासभर बसली होती, अण्णांच्या मांडीवर. मी बाजूच्या खुर्चीत होतो. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण मी गेली काही वर्षं शोधतो आहे, मला सापडलेलं नाही.

मी लाडू खिशात घालून मोटारीपाशी जायचो. मागच्या बंपरवर, गाडी ओढायचा जो लोखंडी दांडा असतो त्याच्यावर, एक तुकडा ठेवायचो. कंडक्टर यायचाच. फार हुशार पक्षी. दुसऱ्या सकाळी मी खिशात हात घालायच्या आधीच तो तिथे होता. मग मी खुर्ची मोटारीजवळ ओढून बसायचो आणि मीरा उठून बाहेर आली की तिला दिसायचं, पक्षी आजोबांच्या पायाशी.

"आजोबा, हाऊ डू यू डू दॅट?"

"मी काही करत नाही. त्याला मी आवडतो."

ती येऊन माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. अण्णा तंबूच्या दाराशी दाढीचा साबण तोंडाला लावून उभे होते. ते म्हणाले, "व्याहीबुवांचा वशिला मोठा दिसतोय." त्यांच्या आवाजात थट्टा होती, संशय नव्हता. मी शपथेवर सांगतो, तोवर त्यांना काही कळलेलं नव्हतं.

निघायच्या सकाळी मी शेवटचा तुकडा ठेवला. जरा मोठाच. मीराला निरोपाच्या वेळी पक्षी जवळून दिसावा, असा बेत होता. पण त्या दिवशी आवराआवरीची घाई होती. तंबू बांधून झाले, टपावर चढले. मीरा अण्णांचा हात धरून टेबलाजवळ उभी होती आणि अण्णा कर्णा करून घोषणा देत होते. निखिल गाडी मागे घेऊन वळवायला आत बसला. मी मोटारीपासून दहा पावलांवर होतो. पक्षी मागे आहे, हे मला दिसत होतं. उडेल, असं मला वाटलं. पक्षी आहे, उडेलच. हाक मारली असती तर तो तिथे का आहे हेही सांगावं लागलं असतं. हा विचार मी केला की नंतर मला सुचला, ते आता मला वेगळं करता येत नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. मीराने मात्र पाहिलं होतं.

कॅम्पची देखभाल करणारी एक बाई धावत आली. हाफ पँट, उन्हाने रापलेले पाय, पन्नाशीची असेल. तिने गुडघे टेकून त्याला हात लावला, पायातली कडी पाहिली. मग तिने त्या लोखंडी दांड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला चुरा आम्हाला दाखवला.

"हू हॅज बीन फीडिंग हिम?"

ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

चुरा काळपट, गुळाचा, दाण्याचा. आमच्यात तो लाडू सगळ्यांच्या ओळखीचा होता. निखिलने बापाकडे पाहिलं. मला मधुमेह, मला लाडू बंद, माझ्याकडे पाहायचं कुणाला कारणच नव्हतं. फक्त अण्णांनी पाहिलं. चुऱ्याकडे, मग माझ्या खिशाकडे, मग माझ्या तोंडाकडे. मला वाटतं, मी मान खाली घातली.

"लाडू माझेच आहेत," अण्णा म्हणाले.

ते खोटं बोलले नाहीत. लाडू त्यांचेच होते.

"अण्णा, तुम्हाला किती वेळा सांगायचं?" निखिलचा आवाज चढला. "पाटी वाचून दाखवली. टेबलावर भात ठेवलात तेव्हा सांगितलं. हा कऱ्हाडचा मोटारस्टँड नाही. मुलीसमोर तिच्या बापाच्या हातून पक्षी मारायला लावलात तुम्ही."

अश्विनी म्हणाली, "निखिल, पुरे." माझ्या तोंडून तेवढंही निघालं नाही.

मीराने अण्णांच्या हातातून आपला हात काढून घेतला. "यू किल्ड कंडक्टर," ती त्यांना म्हणाली आणि मोटारीच्या पलीकडच्या बाजूने येऊन माझ्या पोटात तोंड खुपसून रडली. मला जे हवं होतं ते मला तिथे मिळालं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी आणि अण्णा दूध आणायला कोपऱ्यावरच्या डेअरीत निघालो. इकडे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाला डेअरी म्हणतात; आम्ही त्याला दुकानच म्हणत असू, अण्णा मात्र दोन महिन्यांत हौसेने 'डेअरी' म्हणायला शिकले होते. अर्ध्या वाटेवर मी म्हणालो, "अण्णा, मी निखिलला सांगून टाकतो."

ते चालत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही मुलीच्या घरी राहता, व्याहीबुवा. मी मुलाच्या. मुलगा बापाला चार शब्द बोलला तर ते घरातल्या घरात जिरतं. जावई सासऱ्याला बोलला की ते पोरीच्या अंगावर येतं. अश्विनीला कशाला? माझं सोडा. मला डेपोत रोज शिव्या खायचा पगार मिळायचा."

हे त्यांनी माझ्यासाठी केलेलं नव्हतं, माझ्या मुलीसाठी केलं होतं. एवढी स्पष्ट फोड ते करून देत होते. मी मात्र ते परवानगीसारखं घेतलं. आज नको, जरा निवळू दे, असं म्हणत मी एकेक दिवस ढकलला.

निवळलं नाही. सोफ्याच्या उशा सोफ्यावरच राहिल्या. अण्णांनी एकदा कर्णा करून दाताच्या गाडीची घोषणा दिली, तेव्हा मीरा त्यांच्यासमोरून मुकाट बाथरूममध्ये गेली आणि तिने दार लावून घेतलं. निखिल त्यांच्याशी बोलायचा, पण ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं. कायम ठेवून घ्यायचा विषय परत निघाला नाही. अण्णांनी चित्राहुती घालणं बंद केलं. मला ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं. ते ताटावर बसत आणि सरळ जेवू लागत. चिमण्या अंगणात येऊन बसलेल्या असायच्या.

मग एके दिवशी तेच म्हणाले, "निखिल, माझं तिकीट जरा अलीकडचं बघ. बहिणीचे गुडघे फार दुखतात म्हणे." बहिणीचे गुडघे वीस वर्षं दुखत होते. निखिलने तिकीट पाहिलं.

विमानतळावर निखिल सामान लावत होता. अश्विनी मीराला पुढे ढकलत होती आणि ती पुढे येत नव्हती. अण्णांनी मला बाजूला घेतलं. ते तोवर एकदाही मला टाकून बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत.

"निखिलला नाही सांगितलंत तरी चालेल," ते म्हणाले. "पण पोरीला सांगा. आत्ता नको, समजण्याएवढी झाली की. तिच्या मनात मी पक्षी मारणारा म्हातारा नको. एवढं करा."

"सांगेन," मी म्हणालो. "नक्की सांगेन."

"मी जिवंत असताना सांगितलंत तर जास्त बरं," असं म्हणून ते हसले. त्यांना विनोद करायचा होता. मीही हसलो.

पुढची तीन वर्षं रविवारी फोनवर अण्णा दिसत. कपाळच जास्त दिसे, फोन धरायचा त्यांना जमला नाही कधी. मीरा यायची, "हाय अण्णाआजोबा, बाय अण्णाआजोबा" म्हणायची आणि जायची. ती गेल्यावरही ते थोडा वेळ हात हलवत राहत. मग मी फोनमध्ये तोंड घालून विचारायचो, "काय अण्णा, तब्येत कशी आहे?" ते म्हणायचे, "गाडी वेळेवर आहे." माझ्याकडे बघून त्यांनी भुवई कधी उचलली नाही, सांगितलंत का, असं विचारलं नाही. प्रत्येक रविवारी मी ठरवायचो की हा आठवडा.

एका पहाटे कऱ्हाडहून फोन आला, अण्णा गेले. निखिल लगेच निघाला, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर बॅग भिंतीशी ठेवून तो नुसता बसून राहिला आणि म्हणाला, "त्या ट्रिपनंतर मी त्यांच्याशी नीट बोललोच नाही, बाबा. एका पक्ष्यावरून." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हाही मी सांगितलं नाही. दुःखात कशाला भर, असं स्वतःला समजावलं. समजावण्यात मी फार तयार झालो होतो.

मीरा आता अकरा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात शाळेत तिला आपल्या देशातल्या एखाद्या प्राण्यावर बोलायचं होतं आणि तिने किआ निवडला. जेवणाच्या टेबलावर ती सराव करत होती, मी समोर होतो, घरात आम्ही दोघंच. "माय ग्रँडफादर वन्स फेड ए किआ, अँड इट डाइड," ती म्हणाली आणि पुढच्या वाक्याकडे वळली. मी तिला थांबवलं. सगळं सांगितलं, मराठीत. लाडू, लोखंडी दांडा, डबी, विमानतळ. तिला मराठी सगळं समजतं.

तिने सरावाचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सो ही डिडंट डू एनीथिंग."

"नाही."

"अँड ही न्यू इट वॉज यू."

"हो."

"ही यूज्ड टू वेव्ह ॲट मी," ती म्हणाली. "ऑन द फोन. अँड आय जस्ट लेफ्ट. एव्हरी टाइम." मला वाटत होतं की सांगितल्यावर मला हलकं वाटेल. मी एका अकरा वर्षांच्या मुलीला काय दिलं होतं, ते मला समोर दिसत होतं.

"तू लहान होतीस, बाळा. तुझी काही चूक नाही."

"आय नो इट्स नॉट माय फॉल्ट," ती म्हणाली. "डझ डॅड नो?"

"नाही. मी सांगतो त्याला."

तिने माझ्याकडे पाहिलं. फोन उचलला, निखिलचा नंबर लावला आणि घंटी वाजत असताना फोन माझ्या हातात दिला.

निखिल साइटवर होता, मागे कसलं तरी यंत्र चालू होतं. मी बोलत गेलो. मध्ये एकदा यंत्र बंद झालं, बहुतेक तो चालत लांब गेला असावा. मी संपवलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं. ठेवतो, बाबा."

त्यावर तो अजून एक शब्द बोललेला नाही. आवाज चढवला नाही, विचारलं नाही. माझी औषधं संपायच्या आत आणून ठेवतो. जेवताना भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवतो, आणि अश्विनी त्याच्याकडे पाहते, माझ्याकडे पाहते आणि खाली मान घालून जेवू लागते.